न दिसलेल्याचे उत्तरदायित्व

मराठीत डोळ्याच्या दोन विकारांची नावे एकमेकांच्या शेजारी नांदत आली आहेत : मोतीबिंदू आणि काचबिंदू. पहिल्यात डोळ्यातील भिंग गढूळ होते, सारे जग धुरकट होत जाते, आणि आपल्याला कमी दिसते हे रोग्याला स्वतःलाच जाणवते. दुसऱ्यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा हळूहळू क्षय होतो. दृष्टिक्षेत्राचे काठ किंवा त्यातील काही तुकडे नाहीसे होतात, मध्यभाग मात्र दीर्घकाळ स्वच्छ राहतो. म्हणून काचबिंदू झालेला मनुष्य वर्षानुवर्षे वर्तमानपत्र वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि आपली दृष्टी उत्तम आहे असे शपथेवर सांगू शकतो. तो खोटे बोलत नसतो. पण तो म्हणतो ते खरेही नसते. अशा शपथेचा नैतिक विचार कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाशी माझी ओळख ग्रंथांतून झाली नाही. माझे बालपण जबलपूरच्या कांचघर या वस्तीत गेले. वस्तीच्या नावात काच असली, तरी आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात काच म्हणजे कंदिलाची चिमणी आणि बाबांचा चष्मा. बाबा तोफगाड्यांच्या कारखान्यात मापे तपासण्याच्या कामावर होते. सुट्या भागांतील केसाएवढा फरक ते हेरीत, आणि त्यांच्या नजरेचा लौकिक होता. तोच मनुष्य घरात उंबऱ्याला ठेचाळे, डाव्या हाताचा तांब्या लवंडून टाकी, समोरून येणाऱ्या परिचिताला न ओळखता पुढे जाई. आम्ही मुले हसत असू. आई म्हणे, “अहो, लक्ष कुठं असतं तुमचं?” लक्ष नसणे आणि न दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते; बाबांनाही नव्हते.

पुढे डोळे दाखविले तेव्हा ‘काला मोतिया’ हा हिंदी शब्द कानांवर आला. आम्ही त्यातला ‘मोतिया’ तेवढा ऐकला. मोतिया पिकला की काढतात, तोवर थांबायचे असते, अशी त्या काळची सार्वत्रिक समजूत होती. आम्ही थांबलो. काचबिंदू पिकत नाही, आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही; उरलेली तेवढी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. ‘काचबिंदू’ हा शब्द आमच्या भाषेत होता. घरातली मराठी आणि दवाखान्यातली हिंदी यांच्या मधल्या जागेत तो कोठेतरी गळून पडला होता.

येथे शरीरशास्त्रातील एक साधी वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. निरोगी डोळ्यालाही एक आंधळी जागा असते. फ्रान्समधील धर्मोपदेशक आणि भौतिकशास्त्रज्ञ एदम मारिऑत याने सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात तिचा शोध लावला. त्याने भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर कागदाची एक चकती लावली, आणि तिच्या उजवीकडे सुमारे दोन फुटांवर, किंचित खाली, दुसरी. डावा डोळा मिटून, उजवा पहिल्या चकतीवर खिळवून तो मागे सरकत गेला. सुमारे दहा फुटांवर दुसरी चकती अदृश्य झाली. डोळ्याच्या आतील पडद्यावर जेथून दृष्टितंतू बाहेर पडतो, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणून प्रत्येक डोळ्याच्या क्षेत्रात, नजरेच्या केंद्रापासून सुमारे १५ अंश बाहेरच्या बाजूस, पाच-सहा अंश रुंदीचा एक तुकडा रिता असतो. आकाशात शेजारी शेजारी ठेवलेले दहा पूर्णचंद्र तेवढ्या रुंदीत मावतील.

या शोधातील दोन गोष्टी मला नैतिक दृष्ट्या विलक्षण वाटतात. पहिली ही की, सुमारे दहा लाख तंतूंमधून जे काही दिसते ते सारे ज्या जागेतून मेंदूकडे जाते, तीच जागा आंधळी आहे. पाहणे जेथे एकवटते, तेथेच न पाहणे आहे. ही सजीवसृष्टीतील अटळ गोष्ट नव्हे. अष्टपाद सागरी प्राण्याच्या डोळ्यात तंतू पडद्याच्या मागून जातात आणि त्याला असा अंधबिंदू नसतो. आपली रचना मात्र अशी आहे. दुसरी गोष्ट ही की, त्या जागी आपल्याला काळोख दिसत नाही. मेंदू भोवतालच्या रंगाने आणि रेषांनी ती जागा भरून काढतो. भिंत पांढरी असेल तर तेथे पांढरी भिंतच ‘दिसते’. ‘दिव्याखाली अंधार’ ही आपली म्हण येथे अपुरी पडते. दिव्याखालचा अंधार निदान अंधार म्हणून ओळखता येतो. येथे उणीव पूर्ततेच्या रूपाने समोर येते. काचबिंदूतही बहुधा असेच होते. रोग्याला काळे डाग दिसत नाहीत. त्याचे जग त्याला अखंडच वाटते; फक्त त्यातून तांब्या, उंबरा आणि परिचिताचा चेहरा नाहीसा झालेला असतो. या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांत काचबिंदू आढळलेल्यांपैकी दहांतील नऊ जणांना, किंवा त्याहूनही अधिकांना, तो असल्याचे आधी ठाऊक नव्हते, यात म्हणूनच नवल नाही.

आमच्या घरात ती रिती जागा केवळ मेंदूने भरली नाही. ती आईने भरली. एकदा जेवताना बाबा म्हणाले, “अगं, आज डावी बाजू वाढायची राहिली वाटतं.” चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सारे ताटात जागच्या जागी होते. आई क्षणभर थांबली, काही बोलली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात डावी बाजू उजवीकडे वाढली जाऊ लागली. ज्या घरात मीठ कोठे वाढावे यावरून सुनांची परीक्षा होई, तेथे हा लहानसा बदल नव्हता. पुढे तांब्या-भांडे उजवीकडे आले, छत्रीची खुंटी उजवीकडे आली, आणि रस्त्याने जाताना आई बाबांच्या डाव्या बाजूने चालू लागली. बाबांचे ठेचाळणे कमी झाले. ते म्हणत, “आता डोळ्यांना बरंच बरं आहे.”

बाबांच्या या उद्गाराचा विचार मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे. त्यांना बरे वाटत होते ते दृष्टी सुधारली म्हणून नव्हे. कोणीतरी त्यांच्या न दिसण्याच्या बाजूने अखंड राबत होते म्हणून. आणि ते राबणे ज्या बाजूला होते, नेमकी तीच बाजू त्यांना दिसत नव्हती. येथे दृष्टिदोषाचा प्रश्न नीतीच्या प्रांतात शिरतो. आपल्या उणिवा ज्यांच्या श्रमाने झाकल्या जातात, ती माणसे बहुधा आपल्या अंधक्षेत्रातच उभी असतात. त्यांचे श्रम जितके चोख, तितकी आपली अखंडत्वाची खात्री दृढ. घरातील पुरुष, गावातील वरचा वर्ग, साहित्यातील केंद्रस्थ मंडळी, या सर्वांची स्वतःच्या दृष्टीविषयीची निःशंकता अशाच कोणाच्या तरी मूक मांडामांडीवर उभी नसते काय?

हा प्रश्न मी इतरांना विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे. नव्वदीच्या दशकात स्वातंत्र्योत्तर मराठी कवितेचा आढावा घेणारा माझा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात, महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांतून या कालखंडात उल्लेखनीय काव्यलेखन झाल्याचे दिसत नाही, अशा आशयाचे एक वाक्य होते. ते लिहिताना मला कसलाही संकोच वाटला नव्हता. काही वर्षांनी एका व्याख्यानानंतर एक विद्यार्थिनी भेटली. ती म्हणाली, “सर, आपण कांचघरचेच ना? आमच्या आजीकडे तिथल्या हस्तलिखिताचा एक अंक आहे. अक्षर तुमच्या आईंचं आहे, असं आजी म्हणते.”

गणेशोत्सवात आमच्या वस्तीतील मराठी मंडळी दरवर्षी एक हस्तलिखित काढीत. आईचे अक्षर वाटोळे आणि स्वच्छ असल्याने संपूर्ण अंक उतरवून काढण्याचे काम तिच्याकडे असे. रात्री निजानीज झाल्यावर ती कंदिलाजवळ लिहीत बसे. माझ्या आयुष्यातील मराठी कवितेचे पहिले वाचन त्या पानांवर झाले. यमक म्हणजे काय, हे मी शाळेत नव्हे, आईच्या खांद्यावरून डोकावत शिकलो. आणि तरीही ग्रंथ लिहिताना ती पाने मला आठवलीदेखील नाहीत. मी ती वाचून, तोलून, कमी दर्जाची म्हणून बाजूला ठेवली असती, तर तो माझा अधिकार होता. मी तसे केले नव्हते. मी त्या जागी भोवतालच्या भिंतीचा रंग भरला होता, आणि ‘दिसत नाही’ असे लिहिले होते. ज्या जागेतून माझे वाचन सुरू झाले, तीच जागा माझ्या समीक्षेला आंधळी झाली होती.

वेदान्तात दहाव्या माणसाची एक गोष्ट सांगतात. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त तिचा उपयोग केला आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात, सगळे सुखरूप आलो की नाही हे पाहण्यासाठी मोजू लागतात, आणि मोजणारा प्रत्येक जण स्वतःला वगळून नऊच मोजतो. दहावा बुडाला म्हणून रडणे सुरू होते. वाटेने जाणारा एक जण त्यांना सांगतो की, दहावा तूच आहेस. आचार्यांना या दृष्टान्तातून आत्मज्ञान सांगायचे आहे. माझ्यापुरता मी त्याचा अधिक लौकिक अर्थ घेतो. मोजणाऱ्याची चूक अंकगणिताची नव्हती, अप्रामाणिकपणाचीही नव्हती. आणि पुन्हा पुन्हा मोजून ती सुधारणारी नव्हती. त्यासाठी वाटसरू लागला. त्या विद्यार्थिनीच्या रूपाने मला तो भेटला.

माझ्या एकट्याच्या वाक्याला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. परंतु मराठी वाङ्मयेतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर असे भरून काढलेले तुकडे मोठमोठे आढळतात. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीला सादर केले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते प्रथम छापले गेले १९७९ साली. मधल्या सव्वाशे वर्षांत मराठी नाटकाचे इतिहास विष्णुदास भावे, विनायक जनार्दन कीर्तने, अण्णासाहेब किर्लोस्कर असा प्रवास सलग सांगत आले, आणि त्या सलगतेत काही उणे आहे असे वाचकाला वाटत नसे. ज्ञानरूपी तिसरा डोळा असा ज्याच्या नावाचा अर्थ सांगितला जातो, तेच नाटक न दिसलेल्यांत जमा व्हावे, यातील उपरोध बाजूला ठेवू. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झाले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली त्याचे पुनःप्रकाशन करीपर्यंत अभ्यासकांच्या दृष्टिक्षेत्रात ते जवळजवळ नव्हते. या दोन्ही प्रसंगी वाङ्मयाचे जाणकार आंधळे नव्हते. केंद्रातील वस्तू त्यांना उत्तम दिसत होत्या. केसाएवढा फरक ते हेरीत होते.

सीमारेषांमुळेही अंधक्षेत्रे निर्माण होतात. जबलपूर आणि नागपूर १८६१ पासून एकाच मध्य प्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्या दिवशी कांचघरातील एकही मराठी कुटुंब जागचे हलले नाही. मराठी वाङ्मयाचे क्षेत्र मात्र हलले. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. एकाच मराठी घरातील दोन भाऊ : गजानन माधव हिंदीत लिहू लागले, शरच्चंद्र मराठीत. थोरल्याने चाळिशीच्या दशकात काही काळ जबलपूरला काढला; १९६४ साली त्याच्या मृत्यूनंतर त्याची गणना हिंदीतील युगप्रवर्तक कवींत होऊ लागली. धाकट्याला ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी १९७९ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. हिंदीच्या सामान्य विद्यार्थ्याला शरच्चंद्र ठाऊक नसतात, आणि मराठीच्या विद्यार्थ्याला गजानन माधवांच्या घरातली मराठी. प्रत्येक भाषेने आपल्या बाजूचे चित्र पूर्ण करून घेतले आहे. दोन्ही चित्रे सुबक आहेत, आणि दोन्हींतून एकेक भाऊ नाहीसा झाला आहे.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अंधबिंदू जर रचनेतच असेल, तर त्याचा दोष कोणाला द्यायचा? ज्याला दिसलेच नाही, त्याला जबाबदार कसे धरायचे? शिवाय, सर्व बाजूंना सारखे पाहू जाणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही. वाचायचे तर नजर एका ओळीवर खिळवावी लागते, आणि खिळवली की काठ पुसट होणारच. समीक्षकाने निवड करू नये काय?

हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. न दिसणे हा अपराध नव्हे. बाबांनी तांब्या लवंडला यात त्यांचा दोष नव्हता, आणि त्यांच्यावर हसणारे आम्हीच चुकत होतो. निवडही अपरिहार्य आहे. परंतु न दिसणे वेगळे, आणि न दिसलेल्या जागी काही नाही अशी ग्वाही देणे वेगळे. पहिले शरीराचे आहे. दुसरे वाक्याचे आहे, आणि वाक्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. ‘मी एवढ्या भागात पाहिले’ असे लिहिणारा समीक्षक आपल्या क्षेत्राचे काठ दाखवून देतो. ‘तेथे काही नाही’ असे लिहिणारा ते काठ पुसून टाकतो. माझ्या त्या वाक्यात ‘दिसत नाही’ असे शब्द होते, आणि त्यांच्या आडोशाला मी पुष्कळ दिवस उभा राहिलो. पण तेथे न पाहणारा मी होतो; वाक्याने मात्र ती उणीव पाहिलेल्या वस्तूची ठरविली होती.

दोन डोळे असल्याने आपला नैसर्गिक अंधबिंदू सहसा त्रास देत नाही. एकाचा रिता तुकडा दुसरा पाहतो. हे साधते, कारण दोन डोळे दोन जागी आहेत आणि त्यांचे रिते तुकडे एकाच ठिकाणी येत नाहीत. एकाच शहरात, एकाच वर्गात, एकाच ग्रंथालयात घडलेले दोन समीक्षक एकमेकांचे अंधबिंदू झाकू शकत नाहीत. ते परस्परांना दुजोरा तेवढा देतात. वाटसरू उपयोगी पडतो तो शहाणा असतो म्हणून नव्हे, तर तो त्या दहांपैकी नसतो म्हणून.

हे सारे मी तटस्थपणे लिहिले असते, पण काही वर्षांपूर्वी प्रसंग माझ्यावरच आला. काचबिंदूचा धोका रक्ताच्या नात्यात वाढतो. आईवडिलांपैकी कोणाला तो असेल तर मुलांनी नियमित तपासणी करून घ्यावी. बाबांचा मुलगा असूनही मी ती टाळीत आलो होतो, कारण मला उत्तम दिसत होते. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवून बसवितात, समोरच्या अर्धगोलाच्या मध्यावर नजर स्थिर ठेवायची, आणि कोठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातील कळ दाबायची. मी मनापासून दाबीत होतो. अधूनमधून यंत्राचा आवाज येई, पण दिवा दिसत नसे. मला वाटले, यंत्र मध्येच विसावा घेत असावे. छापून आलेल्या कागदावर डाव्या डोळ्याच्या क्षेत्रात एक काळी कमान होती. यंत्र विसावले नव्हते. जेथे मला दिसत नव्हते, तेथे मी यंत्राला दोष देऊन मोकळा झालो होतो.

डॉक्टरांनी त्या तपासणीतील एक बारकावा सांगितला. यंत्र मुद्दाम काही दिवे रोग्याच्या नैसर्गिक अंधबिंदूवर लावून पाहते. ते दिसता कामा नयेत. जो तेथेही कळ दाबतो, त्याची नजर ढळलेली असते किंवा तो अंदाजाने दाबीत असतो, आणि तसे पुन्हा पुन्हा झाले तर त्याची सारी तपासणी अविश्वसनीय मानली जाते. साक्षीदाराची पारख तो किती पाहतो यावरून होत नाही. न दिसलेल्याला तो न दिसलेले राहू देतो की नाही, यावरून होते. इतक्या वर्षांच्या अध्यापनात समीक्षेची याहून चांगली कसोटी मला विद्यार्थ्यांना सांगता आली नव्हती.

त्या विद्यार्थिनीच्या आजींकडचा अंक मी नंतर पाहिला. पाने पिवळी पडली आहेत, आईचे अक्षर मात्र शाबूत आहे. अंकातील बहुतेक कविता सामान्य आहेत. ते मी आता वाचून सांगतो आहे. दोन कविता तशा नाहीत, आणि त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे माझ्याकडून देणे आहे. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा जुने वाक्य काढून टाकावे, असे सुचविण्यात आले. मी ते तसेच ठेवले, आणि त्याच्या खाली, हे वाक्य लिहिताना लेखकाने काय वाचले नव्हते, ते नोंदविले.

आई आता नाही. रात्री मी डोळ्यांत औषधाचा थेंब घालतो, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जिना उतरताना मान डावीकडे वळवून पाहतो. घरात पत्नीने पाण्याचे भांडे उजवीकडे ठेवण्यास सुरुवात केली होती. ते माझ्या लक्षात आले तेव्हा मी तिला ते पुन्हा डावीकडे ठेवायला सांगितले. भांडे कधीकधी लवंडते. पण ते तेथे आहे, हे मला त्यामुळे आठवत राहते.